वाकडी पात

धानोऱ्याहून नंदुरबारला येणाऱ्या एसटीत या सोमवारी वर्षाचा पहिला ठसका लागला. शहर जवळ आलं की बस एका वळणावर हळू होते आणि तिथून रस्त्याच्या कडेला मिरचीच्या पथाऱ्या सुरू होतात. मोकळ्या जमिनीवर नजर जाईल तिथवर ओली लाल मिरची वाळत घातलेली असते. पण लाल रंग नंतर दिसतो, आधी घशाला कळतं. पुढच्या सीटवरची म्हातारी खोकली, मग कंडक्टर खोकला, मग मी. खिडकी लावायला कुणी उठलं नाही. लावून काही होत नाही, हे इथे सगळ्यांना माहीत आहे.

या दिवसांत आमच्याकडे कुणाच्याही डोळ्यांत पाणी असतं. बाजारात, बँकेच्या रांगेत, कॉलेजच्या वर्गात. म्हणून कुणी कुणाला काय झालं म्हणून विचारत नाही. ही एक सोयच आहे, असं मला गेल्या वर्षी वाटलं होतं. फक्त मला ती वापरता आली नाही.

मी अ‍ॅनिमेशनच्या तिसऱ्या वर्षाला आहे. आमच्या घरात माझ्याआधी कॉलेजात कुणी गेलेलं नाही, त्यामुळे मी तिथे नेमकं काय शिकते हे घरी सांगताना मला नेहमीच अडचण आली. या वर्षी आम्हाला आपापलं निवडक काम एकत्र करून द्यायचं आहे. ते घेऊनच पुढे नोकरीसाठी फिरायचं. सर म्हणाले, "रेखा, सगळ्यात आधी ती हाताची क्लिप ठेव. शनिवारपर्यंत दे."

ती क्लिप बारा सेकंदांची आहे. त्यात एक हात मिरचीच्या झाडावरून मिरच्या तोडतो आणि मूठ भरली की झाडावरून वळण घेऊन टोपलीत टाकतो. पुन्हा तोडतो, पुन्हा टाकतो. हाताच्या त्या वळणात मुळात एक अडखळा होता. गेल्या वर्षी तो मी काढून टाकला. तो परत आणायचा की क्लिप आहे तशी द्यायची, एवढाच प्रश्न आहे. सोमवारपासून मी तोच घेऊन बसले आहे. हा प्रश्न इतका मोठा का आहे, ते मला नीट सांगता येईल की नाही, माहीत नाही.

*

पडद्यावर एखादी वस्तू इकडून तिकडे न्यायची तर तिची सुरुवातीची जागा आणि शेवटची जागा नक्की करायची. त्या दोन जागांना की-फ्रेम म्हणतात. मधला प्रवास सॉफ्टवेअर स्वतःच भरून काढतं आणि त्या प्रवासाची एक बारीक रेघ पडद्यावर दाखवतं. ती रेघ म्हणजे मोशन पाथ. रेघेवर ठिपके असतात. ठिपके दाट असले की वस्तू हळू चाललेली असते, विरळ असले की वेगात. पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा मला पेरणी आठवली. मी ते वर्गात बोलले नाही.

सॉफ्टवेअरने स्वतः भरलेला प्रवास सरळ असतो. सर म्हणायचे, "सरळ रेषेत फक्त यंत्र चालतं. जे जिवंत आहे ते वळून जातं. हात, मान, पापणीसुद्धा." म्हणून मग ती रेघ वाकवायची. रेघेवरच्या एका बिंदूला धरलं की त्याला दोन बाजूंना दोन दांड्या फुटतात, त्यांना हँडल म्हणतात. एक खाली ओढली की दुसरी आपोआप वर जाते. अगदी बैलगाडीच्या जुवासारखं. एका बैलाने मान खाली घातली की दुसऱ्याच्या मानेला कळतं.

मला ते जमायला फार वेळ लागला. माझा चेंडू वळणावर कोपरा करायचा. सर मागून येऊन म्हणायचे, "नाव रेखा आहे म्हणून सरळच जायचं असं नाही." वर्ग हसायचा. मीही हसायचे, कारण त्यात वाईट काही नव्हतं.

माझ्या शेजारी सुनीता बसते. ती अक्कलकुव्याच्याही पुढच्या डोंगरातल्या पाड्यावरची, वसतिगृहात राहते. तिने पहिल्या स्वाध्यायाला मोहाचं फूल झाडावरून पडताना दाखवलं होतं. फूल सरळ खाली आलं. सर म्हणाले, "सुनीता, फूल असं पडतं का? जरा हेलकावे घेऊ दे."

"आमच्याकडे असंच पडतं सर," ती म्हणाली. "मोहाचं फूल जड असतं. टप्पदिशी येतं. नखरे करायला त्याला वेळ नसतो."

सरांनी ते तसंच राहू दिलं. सुनीताला जे दिसलं ते बोलता येतं. मला ते तेव्हा येत नव्हतं.

*

मायला मी एकदा मोबाईलवर दाखवलं होतं. लॅबमधल्या पडद्याचा फोटो काढून आणला होता, चेंडू आणि त्याची वाकडी रेघ. माय चुलीपुढे बसली होती. तिने हात लुगड्याला पुसले, मोबाईल डोळ्यांपासून लांब धरला.

"हाई काय शे?"

"मोशन पाथ शे, माय."

"कोन्ही पात?"

"चेंडून्ही."

"चेंडूले पात कोनी दिन्ही?" ती म्हणाली. मग बराच वेळ बघत राहिली. "आनी इतली वाकडी? आशी वाकडी पात धरी ते मुकादम सकाय कामले बलावाव नही."

माझे वडील, आप्पा, खाटेवरून हसले. मी सांगायला गेले की हे पाथ वेगळं, पात वेगळी, पण माय तोवर भाकरीकडे वळली होती.

पात म्हणजे काय हे शेतात न गेलेल्याला सांगावं लागतं. कापूस वेचायला, मिरची तोडायला बाया वावरात उतरल्या की प्रत्येकीने आपापल्या दोन ओळी धरायच्या. ती तिची पात. या बांधापासून त्या बांधापर्यंत ती एकटीची. पात सोडून शेजारणीच्या ओळीत हात घालायचा नाही. मागे राहायचं नाही, फार पुढे पळायचं नाही. आणि पात सरळ धरायची, वाकडी झाली की मधली झाडं कुणाच्याच वाट्याला येत नाहीत आणि तशीच राहतात.

त्यात एक रीत आहे. एखादीची पात मागे राहिली, तिचं अंग दुखत असेल, अंगावरचं मूल रडत असेल, काहीही असेल, तर जिची पात संपली ती समोरच्या बांधावरून तिच्या ओळीत उतरते. ही इकडून तोडत जाते, ती तिकडून तोडत येते. मध्ये कुठेतरी दोघींची गाठ पडते. त्यावर कुणी आभार वगैरे मानत नाही. गाठ पडली की दोघी कंबर सरळ करतात आणि एकत्र बांधावर येतात, एवढंच. मी लहानपणी बांधावर बसून ती गाठ कुठे पडते याचा अंदाज करायचे. मायची गाठ नेहमी समोरच्या अर्ध्यात पडायची, कारण माय फारशी मागे राहत नसे. बहुतेक वेळा तीच समोरून यायची.

त्या फोटोनंतर घरात माझ्या अभ्यासाला पात हेच नाव पडलं. मी उशिरा आले की माय विचारायची, "व्हयनी का तुन्ही पात?" मी म्हणायचे, "अर्धी ऱ्हायनी."

*

गेल्या वर्षी याच दिवसांत सरांनी सांगितलं की प्रत्येकाने खऱ्या माणसाची एक हालचाल टिपून आणा, आणि त्या हालचालीचा पाथ काढून तिच्यावर काम करा. मी एका रविवारी मायबरोबर वावरात गेले.

सकाळी गार होतं. झाडांवर दव होतं आणि बायांची लुगडी गुडघ्यापर्यंत ओली झाली होती. सगळ्यांनी नाकातोंडावर फडकी बांधलेली, फक्त डोळे उघडे. अशा वेळी कोण कोण आहे ते चालण्यावरून ओळखायचं. शेवंतामावशी म्हणाली, "देखा वं, आज फोटोवाली बाई उनी." शेवंतामावशी आमची नातेवाईक नाही. तिचं घर आमच्या घराला लागून आहे आणि तिची पात कायम मायच्या पातीला लागून असायची.

"मन्हं तोंड नको लेजो," माय म्हणाली.

"फक्त हातन्हा व्हिडिओ लेस, माय."

"हात काय देखानं? सगळास्ना सारखा."

मी समोर उभी राहून मोबाईल धरला. ऊन माझ्या पाठीवर होतं आणि पडद्यावर इतकं चमकत होतं की मला त्यात माझीच सावली दिसत होती. हात चौकटीत येतोय की नाही हेही अंदाजानेच. मी धरून राहिले. माय दोन-तीनदा म्हणाली, "सावलीमा उभी ऱ्हा." वावरात सावली नव्हती. बांधावर एक निंब होता, पण तिथून हात दिसला नसता.

मिरची तोडणाऱ्या हातांची आग होते. पहिल्या दिवशी फार होते. बोटं पाण्यात घातली तर वाढते, म्हणून बाया तेल चोळतात. दोन-चार दिवसांनी आग कमी होते. लहानपणी मला वाटायचं, हात बरे झाले. माय म्हणाली होती, बरे नाही होत, कळेनासं होतं. संध्याकाळी भाकरी तव्यावरून उचलताना तिला चटका बसलेला कळायचा नाही. नंतर फोड दिसायचा आणि ती फोडाकडे बघून म्हणायची, "हाऊ कव्हय उना?"

*

नाताळच्या सुट्टीच्या आधीचा मंगळवार होता. दुपारी माय पाणी प्यायला बांधावर बसली. शेवंतामावशी सांगते, तिने तांब्या हातात घेतला, दोन घोट प्यायली, मग तांब्या खाली ठेवला, नीट, पाणी सांडू न देता. आणि आडवी झाली. बायांना वाटलं, कंबर भरली असेल, पडू दे जरा. मुकादमही काही बोलला नाही. पुन्हा पातींना लागायची वेळ झाली तेव्हा मावशी तिला उठवायला गेली.

डॉक्टरांनी हृदयाचं सांगितलं. तिला तसं कधी काही झालेलं आम्हाला माहीत नव्हतं.

मी तेव्हा लॅबमध्ये होते. मोबाईल दप्तरात होता, आवाज बंद करून. मी एका चेंडूला तिसऱ्या उडीनंतर थांबवत होते. तो थांबत नव्हता, घसरत पुढे जात होता. हे मला अजून अगदी स्पष्ट आठवतं. त्यानंतरचं इतकं स्पष्ट आठवत नाही. घर माणसांनी भरलं होतं, आणि कुणीतरी माझ्या हातात चहाचा कप दिला होता. तो मी धरून होते, गार होईपर्यंत.

मला रडू आलं नाही. बायांनी मला जवळ घेऊन रडवायचा प्रयत्न केला, तशी रीतच आहे. एकजण म्हणाली, "रड माय, मोकळं व्हई." मी डोळे मिटून घेतले, त्यांना बरं वाटावं म्हणून.

मिरची कुणासाठी थांबत नाही. झाडावर जास्त राहिली तर पांढरी पडते आणि मग तिला कुणी विचारत नाही. तिसऱ्या दिवशी बाया पुन्हा वावरात गेल्या. संध्याकाळपर्यंत बाकीचं सगळं रान तोडून झालं आणि मध्येच दोन ओळी अर्ध्यापासून पुढे तशाच लाल राहिल्या. मुकादमाने विचारलं, हाई पात कोन धरस. मग शेवंतामावशी समोरच्या बांधावर गेली आणि तिकडून ओळीत उतरली.

हे तिने मला दहाव्यानंतर सांगितलं. आमच्या ओट्यावर बसली, पदराने पाय झाकले, आणि म्हणाली, "तुन्ही मायन्ही पात मी समोरथीन लागीसन पुरी करी. मधमा तिन्ही टोपली व्हती. तठलोंग."

तिथपर्यंत तोडत येऊन तिला सापडलेली टोपली ती घेऊन आली होती. आत दोन-चार देठ अडकलेले होते. आप्पांनी ती खुंटीला पालथी टांगली. तिथेच आहे अजून.

त्या संध्याकाळी आप्पांनी मला विचारलं, "तुन्ही परीक्षा कव्हय शे?"

"सोमवारले."

"जाय मंग," ते म्हणाले.

*

मी गेले. लॅबमध्ये सगळे माझ्याशी हळू आवाजात बोलत होते. सर म्हणाले, तुला मुदत वाढवून देऊ का. मी नको म्हणाले. मग ते म्हणाले, "टिपून आणलेलं काही आहे का?"

"आहे सर."

"कुणाचं?"

"शेतातल्या एका बाईचं."

मी असं का म्हणाले, मला सांगता येत नाही. कदाचित समजावत बसावं लागू नये म्हणून. पण एकदा तोंडातून गेलं ते गेलंच. नंतर अहवालातही मी तेच लिहिलं. संदर्भ: एक शेतमजूर महिला.

व्हिडिओ मी आधी हातापुरता कापून घेतला. बाकीची चौकट झाकली. आवाज बंद केला. मग त्यातली एक फेरी निवडली, ज्यात हात पूर्ण दिसत होता. झाडापासून टोपलीपर्यंत. प्रत्येक फ्रेमला मनगटावर एक बिंदू ठेवत गेले. ते काम फार बरं होतं. बिंदू, पुढची फ्रेम, बिंदू, पुढची फ्रेम. काही कळत नव्हतं आणि काही कळून घ्यायचं नव्हतं. दोन दिवस मी मायचा हात बघत होते आणि मला फक्त बिंदू दिसत होते. सुनीता मध्येच माझ्यापुढे बिस्किटाचा पुडा सरकवायची. मी एक घ्यायचे आणि ते टेबलावरच राहायचं.

पाथ तयार झाला तेव्हा वळणाच्या माथ्यावर एका ठिकाणी ठिपके एकावर एक साचले होते. सात ठिपके. हात वर आला, तिथे जरासा थांबला, आणि मग खाली गेला. मला वाटलं, तिचा खांदा दुखत असणार. त्या महिन्यात ती खांद्याला तेल लावून घ्यायची.

सर मागे येऊन उभे राहिले. "इथे अडखळतंय. टिपताना मोबाईल हलला असेल तुझा. एवढं स्मूद करून घे, बाकी सुंदर आहे."

मी सात बिंदू निवडले, पुसले, आणि दोन्ही बाजूंची हँडल ओढून वळण गुळगुळीत केलं. एका मिनिटाचं काम होतं. फाईल सेव्ह केली आणि बंद केली. फाईल बंद झाली की मागचं काही परत आणता येत नाही.

अहवाल मी मराठीत लिहिला होता. तो परत आला तेव्हा त्यावर लाल गोलच गोल होते. मी पहिल्यापासून शेवटपर्यंत मोशन पात असं लिहिलं होतं. एकदाही पाथ नाही. सरांनी प्रत्येक त भोवती गोल करून वर थ लिहिला होता. मला ते लिहिताना अजिबात लक्षात आलं नव्हतं.

तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या मॅडमनी तेच पान उघडलं. "पात म्हणजे?" त्यांनी विचारलं. त्या शहरातल्या होत्या, पण चांगल्या होत्या, खरंच विचारत होत्या. मी सांगितलं की शेतात बाया ज्या ओळी धरून काम करतात, त्यांना पात म्हणतात, चुकून तसं लिहिलं गेलं. समोरून येण्याची रीत मी सांगितली नाही. मॅडमनी क्लिप पुन्हा एकदा लावली. "हाताचं वळण किती सहज आलंय," त्या म्हणाल्या. "कुठे गचका नाही."

मी थँक यू मॅडम म्हणाले. बाहेर येऊन नळावर पाणी प्यायले. वारा पथाऱ्यांकडून होता आणि व्हरांड्यातली सगळी मुलं डोळे पुसत होती.

*

गेल्या वर्षभरात मी पुष्कळ वळणं काढली. पक्ष्यांची, बसची, प्रकाशा गावच्या घाटावरून तापीत सोडलेल्या दिव्यांची. हात बसला आहे. आता माझा चेंडू कोपरा करत नाही. घरी स्वयंपाक मी करते. आप्पा जेवतात आणि काही बोलत नाहीत, मीही बोलत नाही, आणि आम्हा दोघांना ते जड जात नाही, हेच कधी कधी मला विचित्र वाटतं. एकदा तव्याचा चटका बसला. तो मात्र लगेच कळला. त्या दिवशी मी बोटाकडे बराच वेळ बघत बसले.

तो व्हिडिओ मी परत उघडला नव्हता. मोबाईलमध्ये होता, जागा संपली तरी बाकीचं पुसून मी तो ठेवला होता, पण उघडला नव्हता. गुरुवारी दुपारी लॅबमध्ये बसले तेव्हाही क्लिप आहे तशीच द्यायची असं जवळजवळ ठरलं होतं. तिला गुण मिळालेले आहेत. बघणाऱ्याला ती आवडते. नोकरी देणाऱ्याला सात ठिपके कशाला हवेत?

मग मी व्हिडिओ लावला. सुरुवातीपासून लावायची हिंमत झाली नाही. सुरुवातीला माय उभी असते, फडकं बांधत असते, हे मला आठवत होतं. शेवटी तसं काही नाही. शेवटी नुसती झाडं दिसतात आणि मोबाईल खाली गेल्यावर माझे पाय. म्हणून मी शेवटच्या फ्रेमवर गेले आणि तिथून एक एक मागे येऊ लागले. आवाज बंद ठेवला. झाडं, मग टोपलीची कड, मग टोपलीतून वर येणारा हात. उलटं बघितलं की मिरच्या टोपलीतून उठून मुठीत येतात आणि मुठीतून झाडाला जाऊन लागतात. हात झाड भरत जातो.

या वेळी मी चौकट कापली नाही. ते काही ठरवून केलं नव्हतं. गेल्या वर्षी कापायला जेवढी मिनिटं लागली होती, तेवढी या वेळी द्यावीशी वाटली नाहीत, इतकंच.

मागे येत येत मी गेल्या वर्षी निवडलेल्या फेरीत, वळणाच्या माथ्यावर आले. हात थांबलेला. सात फ्रेम. आणि चौकट पूर्ण होती म्हणून मला हाताच्या वर मायचं डोकं दिसलं. त्याआधी आणि त्यानंतर तिची नजर झाडावर आहे. या सात फ्रेममध्ये ती वर आहे. फडक्याच्या वरचे दोन डोळे सरळ समोर बघतायत. समोर मी उभी होते, उन्हात, मोबाईल धरून, चकाकीत मला काही दिसत नव्हतं तेव्हा.

खांद्याचं काही नव्हतं. मोबाईलही हलला नव्हता.

मी त्या सात फ्रेम पुढे-मागे केल्या. फडक्याखाली ती हसत होती की सावलीत जा म्हणत होती, ते कळत नाही. पापणी एकदा लवते, तिसऱ्या फ्रेमला. बाकी काही नाही. मला वाटलं, आता तरी आतून काहीतरी येईल. मी थांबले. काही आलं नाही. हातात माऊस होता, तो गार होता.

मी क्लिपची फाईल उघडली. माथ्यावरचा बिंदू धरला. त्याची दोन्ही हँडल अजून जुवासारखी जोडलेली होती, एकीकडचं ओढलं की दुसरीकडचं हलायचं, आणि असं असेल तोवर तिथे कुणी थांबू शकत नाही, वळण गुळगुळीतच राहतं. ती जोड तोडावी लागते. मी ती तोडली. मग व्हिडिओत बघून, शेवटाकडून, एक एक करून सातही ठिपके परत जागेवर ठेवले.

सर कधी मागे आले ते कळलं नाही. "रेखा, इथे परत ठिपके साचलेत. गेल्या वर्षी काढले होतेस ना?"

"हो सर."

"मग?"

"अडखळा नाही तो. तिथे ती थांबली होती. बघायला."

"कोण?"

शेतातली एक बाई, हे तोंडाशी तयार होतं. वर्षभर तयारच होतं. कॉलेजात मी नेहमी आई म्हणते, बाकीच्या मुली म्हणतात तसं.

"माय," मी म्हणाले. "माझी माय आहे ती, सर. गेल्या वर्षी गेली, ती."

सरांचा हात माझ्या खुर्चीच्या पाठीवर होता. तो तिथेच राहिला. बाजूच्या मॉनिटरवर व्हिडिओ त्या सातांतल्या पहिल्या फ्रेमवर थांबलेला होता, आणि ते आता हाताकडे बघत नव्हते.

"राहू दे," ते म्हणाले. मग वळणाकडे बोट करून, "हँडल तोडलंस ना? नाहीतर मागचं ओढशील आणि हे हलेल."

"तोडलंय सर."

"आणि सोबतच्या अहवालात काय लिहिशील?"

"पातच ठेवू का, सर?"

वारा फिरला असावा, कारण मागच्या बाकावर कुणीतरी खोकलं, मग आणखी कुणी. सरांनी चष्मा काढून मनगटाने डोळे पुसले. सुनीता उठली आणि तिने खिडकी लावली, लावून काही होत नाही हे तिलाही माहीत आहे. मिरचीचे दिवस आहेत. कुणी कुणाला काही विचारलं नाही.

सात ठिपके परत आले, तसं माथ्यापासून झाडापर्यंतचं वळणही अजून नव्याने जुळवायचं होतं. मी एक फ्रेम मागे गेले.